कॉम्पाद्रेला 'अरे' म्हणायची तयारी

सोमवार, ३ जून

आजपासून सूड सुरू. त्यासाठी ही वेगळी वही. अंपारोने विचारलं, कसली वही? म्हटलं, मापांची. बायकोला सगळं सांगायचं नसतं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही. गेल्या ऑगस्टच्या निवडुंगफळांच्या जत्रेत, चौकात, अख्ख्या सांता ग्लाफिरा गावासमोर माझ्या माक्वाविट्लचे सात दात पहिल्याच फटक्याला पडले. माक्वाविट्ल म्हणजे ओकचा चपटा सोटा, दोन्ही कडांच्या खाचांत काळ्या काचदगडाची पाती, तेच त्याचे दात. याच हत्याराने आमच्या पूर्वजांनी स्पॅनिश घोड्याचं मुंडकं एका घावात उडवलं म्हणतात. माझ्या हातात त्याने घायपातीचं एक पान कापलं नाही. एक दात बँडवाल्याच्या ट्यूबात, त्या भल्या मोठ्या पितळी वाद्यात, गेला. त्याने पुढचा सूर फुंकला तेव्हा बाहेर आला.

सगळ्यात आधी हसला तो ओनेसिमो. मग त्याने स्वतःच्या सोट्याने तीन पानं एका घावात कापली आणि त्याचा सोटा वर्षभरासाठी नगरपालिकेच्या भिंतीवर गेला. नळाची तक्रार करायला गेलो तरी तो समोर. आणि मी तेव्हापासून 'बोळक्या'. पोरं तर आदराने 'बोळके मामा' म्हणतात. नाव कोणी पाडलं हे विचारायची गरजच नाही.

खरी चूक चौदा वर्षांपूर्वीची. ओनेसिमो माझा लहानपणचा दोस्त, माझ्याच वडिलांच्या हाताखाली आम्ही दोघं दगड घडवायला शिकलो. माझ्या लेकीच्या, नोएमीच्या बाप्तिस्म्याला मी त्याला तिचा धर्मबाप केलं. झालं. त्या दिवसापासून तो माझा कॉम्पाद्रे. तोवर तो मला 'अरे क्रिसो' म्हणायचा; मग अरे-तुरे बंद, अहो-जाहो चालू. आमच्याकडे सख्ख्या भावाचं डोकं फोडता येतं, पण कॉम्पाद्रेवर आवाज चढवला तर पाद्रीबुवासुद्धा तोंड फिरवतात.

तेव्हा प्लॅन असा. यंदाचा सोटा फक्त जुन्या वस्तूंचा. ओक, काचदगड, राळ, मेण, घायपातीचा दोर, आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कंदाचा डिंक. मशीन नाही, दुकानातल्या गोंदाची ट्यूब नाही. जिंकायचं. आणि जिंकलो की चौकात, माइकवरून, एकच वाक्य म्हणायचं. अरे ओनेसिमो, बघ.

'अरे'. एवढंच. जागच्या जागी खलास.

शुक्रवार, ७ जून

'अरे'ची प्रॅक्टिस सुरू केली. आधी टर्कीवर. चांगलं जमलं, टर्की मागे सरकली. मग आरशात.

दळणाच्या रांगेत ओनेसिमो भेटला. संधी होती. तोंडातून निघालं, अहो कॉम्पाद्रे, कसे आहात? सवयीचा दोष, माझा नाही. तो म्हणाला, अहो कॉम्पाद्रे, तुमची ओकची फळी ओली दिसते, माझ्याकडे दोन वर्षं वाळवलेली पडली आहे, घेऊन जा. काय डाव टाकतो बघा! म्हणजे जिंकलो तरी लाकूड त्याचं. मी म्हटलं, ताज्या लाकडात जीव असतो. तो म्हणाला, असेल बुवा.

बुधवार, १२ जून

लाकडात जीव आहे. सोटा वाळता वाळता डावीकडे वळला. अंपारो म्हणाली, वाकडा झालाय. मी तिला समजावलं की हा मनगटाचा बाक आहे, फटक्याला वेग येतो. ती म्हणाली, मग कोपऱ्यामागे उभं राहूनही मारता येईल. या बाईला शस्त्रांतलं काही कळत नाही.

गुरुवार, २० जून

पाती काढायचं काम. त्यासाठी हरणाचं शिंग, ओनेसिमोनेच बाप्तिस्म्याच्या दिवशी भेट दिलेलं. मी मुद्दाम तेच वापरतो. त्याच्याच शिंगाने त्याचा काटा काढायचा. चौदा वर्षांत माझ्या हातात दुसरं शिंग बसलंच नाही, ही गोष्ट वेगळी.

एकूण सव्वीस पाती निघाली. पैकी सोळा अखंड, बाकी अंगठ्यात. त्या सोळांतलं एक आखूड आहे, पण ठेवणार. हाताने केलेलं काम हाताने केलेलं दिसलं पाहिजे.

सोमवार, १ जुलै

चष्म्यावर बसलो. दोन्ही काचा गेल्या. अंपारो म्हणते, शहरात जाऊन नवीन करा. जत्रेनंतर बघू. खऱ्या कारागिराचे डोळे बोटांत असतात. दुपारी मिठाऐवजी साखर घालून सूप बिघडवलं, पण ते चष्म्यामुळे नाही, विचारांत होतो.

मंगळवार, ९ जुलै

आमरीचे कंद आणले. बाजारातल्या एर्मिला मावशीने शपथेवर दिले. वाटायच्या आधी भिजत घातले. आज त्यांना कोंब आलेत. अंपारोने बघितलं आणि म्हणाली, हे डेलियाचे कंद आहेत, आणि कुंडीत लावून टाकले. एर्मिला मावशीचं नाव सूडाच्या यादीत दुसरं.

दुपारी नोएमी एक वाटी घेऊन आली. धर्मबापाने आमरीचा तयार डिंक पाठवलाय म्हणे. निरोप होता, अहो कॉम्पाद्रे, यंदा कंद मिळत नाहीत, माझ्याकडे उरलाय. उरलाय! मी वाटीला हात लावला नाही. काहीतरी मिसळलं असणार. अंपारोने त्या डिंकाने संतांच्या तसबिरीची मोडकी चौकट चिकटवली.

(१४ जुलैची नोंद इथेच करतो. तसबीर भिंतीवरून पडली. चौकट अभंग राहिली, फरशीचा टवका उडाला. योगायोग.)

मंगळवार, १६ जुलै

राळ उकळली. डावी भुवई गेली. ती येईल परत.

पाती बसवायला घेतली. राळ सोट्यावरून ओघळते आणि थेंब थेंब गोठते. आधी पुसत होतो, मग लक्षात आलं की दिसतं छान, झाडाच्या अंगावरच्या चिकासारखं. नैसर्गिक लुक. राहू दिलं. मुठीला घायपातीचा दोर गुंडाळला. कमी पडला. जोड देत देत सात गाठी झाल्या. हाताला ग्रिप चांगली येते.

आमच्या आणि ओनेसिमोच्या अंगणामध्ये निवडुंगाचं कुंपण आहे. पलीकडून आवाज आला, अहो कॉम्पाद्रे, वासावरून सांगतो, राळेत मेण कमी पडतंय, गार झाल्यावर तडकेल. वासावरून! म्हणजे हा माणूस दिवसभर नाक इकडे लावून बसलेला असतो. वर विचारतो, बसली का पाती? म्हटलं, बसताहेत.

तीन बसत नाहीत.

गुरुवार, २५ जुलै

तीन अजून बसत नाहीत. राळ, राळ आणि मेण, मेण आणि शिव्या, सगळं झालं.

हार्डवेअरच्या दुकानातून गोंदाची ट्यूब आणली. हे स्पष्ट लिहून ठेवतो की ट्यूब फक्त टेस्टसाठी, फक्त तीन दातांना, आणि फक्त तात्पुरती. आपल्या पूर्वजांकडे ट्यूब असती तर त्यांनी वापरलीच असती. त्या अर्थी हीसुद्धा परंपराच. वरून राळेचा जाड लेप दिला. माझं मलाही ओळखू येत नाही.

शुक्रवार, २ ऑगस्ट

सोटा चर्चच्या हॉलमध्ये जमा केला. नियमाप्रमाणे नाव नाही, नुसता नंबर. नावं ठेवली तर पंचाईत होते, कारण या गावात प्रत्येक परीक्षक प्रत्येक स्पर्धकाचा कॉम्पाद्रे आहे. यंदा अकरा सोटे. नंबरची चिठ्ठी अंपारोने ब्लाउजमध्ये ठेवली. मी बघितलीसुद्धा नाही. माझं काम मला नंबर बघून ओळखावं लागत नाही.

अंपारो परत येताना म्हणाली, खरं सांगू, जरा वाकडाच आहे. मी तिच्याशी चार तास बोललो नाही. तिला जाणवलं नाही बहुतेक.

शनिवार, १० ऑगस्ट

पुल्केच्या गुत्त्यावर गेलो होतो. दारातच एकाने विचारलं, काय बोळके मामा, यंदा कवळी बसवली का? सगळे खिदळले. मी नुसता हसलो. आठ दिवस थांबा म्हणावं.

तिथेच कळलं की परवा ओनेसिमोने याच गुत्त्यात एकाच्या अंगावर पुल्केचा मग फेकला. ओनेसिमो, ज्याने उभ्या आयुष्यात माशी हाकलली नाही. टेन्शन आलंय त्याला. माझ्या सोट्याची कुणकुण लागलेली दिसते.

शनिवार, १७ ऑगस्ट. संध्याकाळी पाच.

घाईत लिहितोय, अक्षराकडे लक्ष देऊ नये.

साडेतीनला गेलो हॉलमध्ये. त्या वेळी गाव जेवून आडवं झालेलं असतं, राखणदारसुद्धा खुर्चीत घोरत होता. नुसतं बघायला गेलो होतो. शिंग खिशात होतं ते सवयीने.

अकरा सोटे भिंतीवर. एकासमोर पाय आपोआप थांबले. सरळ, साधा, पाती एका रेषेत, राळ खाचेच्या बाहेर कणभर नाही. डोळ्यांत पाणी आलं. वडिलांची आठवण झाली. स्वतःचंच काम, पण खोटं कशाला बोलू, त्याची मूठ धरून मी तिचा मुका घेतला.

मग दुसरा बघितला. हसूच आलं. डावीकडे वाकडा. राळेचे ओघळ मेणबत्तीसारखे. मुठीवर गाठीच गाठी, मीच मोजल्या, सात. एक दात आखूड. इतकं बेंगरूळ काम सगळ्या गावात एकच माणूस करू शकतो. लहानपणापासून बघतोय मी त्याचा हात. ओनेसिमो, अगदी शंभर टक्के ओनेसिमो! आणि गेल्या वर्षी याला भिंतीवर टांगलं होतं!

तेव्हाच डोक्यात आलं. गेल्या वर्षी मी हसं सोसलं, यंदा त्याने सोसावं. शिंगाच्या टोकाने खाचेतली राळ खरवडायला घेतली. फार नाही, नुसती दातांच्या मुळाशी. दिसायला दात जागच्या जागी. आणि लिहितानाही माझा विश्वास बसत नाही, पण तीन दातांखाली राळ नव्हतीच. चकचकीत, पिवळट, दुकानातल्या ट्यूबचा गोंद! हा माणूस देवाधर्माचा, पूर्वजांच्या गोष्टी सांगणारा, आणि ट्यूब! मला शिसारी आली. तोपर्यंत मनात जी थोडी टोचणी होती ती गेली. हा सूड नाही, हा न्याय आहे.

शिंगाची अणी तुटली कुठेतरी. हरकत नाही, घासून घेईन. परत आलो, शिंग खिळ्याला टांगलं. नखांत काळं अडकलंय, ते साबणाने निघत नाही.

उद्या. अरे ओनेसिमो. अरे ओनेसिमो. अरे.

रविवार, १८ ऑगस्ट

थोडक्यात लिहितो.

चौक भरलेला. बँड. ट्यूबावाल्याने ट्यूबाच्या तोंडावर टॉवेल बांधला होता, तो अपमान मी मनात नोंदवून ठेवला. माझं नाव पुकारलं, नंबर सहा. मी माझ्या त्या सरळ, देखण्या सोट्याकडे गेलो. परीक्षक म्हणाला, तो चार आहे, तुमचा हा. आणि तो वाकडा, गाठीगाठींचा, ओघळलेला सोटा माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे. गर्दीतून अंपारो ब्लाउजमधली चिठ्ठी काढून हलवत ओरडली, सहाच आहे हो, मारा आता! मनगटाला तो बाक लागला. बोटांना सात गाठी लागल्या. ओळखीच्या होत्या.

चष्मा असता तर हे झालं नसतं. चष्म्यावर मी बसलो खरा, पण तो खुर्चीवर ठेवला कोणी हे अजून कळलेलं नाही.

आता माघार कशी घेणार? हळूच मारला, अगदी लोणी लावल्यासारखा. गेल्या वर्षी सात पडले होते. यंदा सोळा. ट्यूबच्या त्या तिघांसकट.

गाव हसायला तोंड उघडतच होतं, तेवढ्यात ओनेसिमो पुढे आला. गुडघ्यांवर बसून एकेक दात हॅटमध्ये गोळा करायला लागला. मग सोटा उचलला, खाच बघितली आणि उठून उभा राहिला. म्हणाला, अहो मंडळी, हसू नका, राळ खरवडलेली आहे. माझ्या कॉम्पाद्रेवर कोणीतरी डाव साधलाय. तो माणूस सापडेपर्यंत मी सोट्याला हात लावणार नाही.

आणि नाहीच लावला. चार नंबरचा तो सोटा, त्याचा, तसाच भिंतीवर राहिला. मग परीक्षकांनी स्पर्धाच थांबवली, यंदा निकाल नाही.

यात एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. पूर्ण दिवसात मला एकानेही बोळक्या म्हटलं नाही. बायकांनी पाठीवरून हात फिरवला. एर्मिला मावशीने मक्याच्या पिठाचे आठ तामाले बांधून दिले. तिचं नाव यादीतून काढलं. पाद्रीबुवा म्हणाले, धीर धर. एका अर्थी बघितलं तर सगळ्यांत जास्त मान मलाच मिळाला.

माइकवर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, अहो कॉम्पाद्रे, सोडून द्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार, १९ ऑगस्ट

सोडून देत नाही तो. सकाळीच संशयितांची यादी घेऊन आला. तुटका सोटा बरोबर, सोळा दात हॅटमध्ये. म्हणाला, अहो कॉम्पाद्रे, तुमचा वैरी तो माझा वैरी, याचा सूड मी घेणार, तुम्ही फक्त नावं सांगा. मी गुत्त्यातल्या त्या कवळीवाल्याचं नाव सांगितलं. म्हणाला, त्याला मी आधीच मग फेकून मारलाय, तुम्हाला बोळक्या म्हणत होता.

तो गेल्यावर अंपारोला म्हटलं, नाव स्वतःच पाडायचं आणि वर मग फेकायचा, काय नाटकी माणूस आहे. ती मक्याचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, बोळक्या ना? ते मी पाडलं. दळणाच्या रांगेत. सात दात पडल्यावर दुसरं काय म्हणणार? मग म्हणाली, तो तर हसलाही नव्हता त्या दिवशी, ट्यूबातून दात उडाला तेव्हा दचकून त्याला ठसका लागला होता.

थोडं कसंतरी वाटतंय. बहुतेक तामाले.

अंपारोने माझे हात बघितले. वाटीत तेल आणून माझ्यासमोर ठेवलं, नखं बुडवायला.

उद्यापासून सगळ्यांशी चांगलं वागायचं. ओनेसिमोला घरी जेवायला बोलवायचं. नोव्हेंबरात नोएमीचा पंधरावा वाढदिवस, आमच्याकडे मुलीचा तो मोठा सण, त्या मेजवानीचा धर्मबापही तोच, हे आत्ताच जाहीर करायचं.

मंगळवार, २० ऑगस्ट

सकाळी आठला कॉम्पाद्रे आले. खूश होते. खाचेत पुरावा सापडला म्हणाले. तळहात उघडला. शिंगाची अणी, मक्याच्या दाण्याच्या अर्ध्याएवढी.

म्हणाले, गावात शिंगाने काम करणारे आपण अकरा जण. प्रत्येकाच्या घरी जाऊन अणी लावून बघू. माझ्या शिंगाला मी लावून आलो. आता तुमच्या घरापासून सुरू करू, म्हणजे कोणी म्हणायला नको की कॉम्पाद्रेला सोडलं. आणि स्वतःच हसले.

मी म्हटलं, आधी कॉफी घ्या. म्हणाले, घेतो, हे एवढं उरकू दे. खिळ्यावरचं शिंग त्यांनीच काढलं. त्यांनीच दिलेलं. हसत हसत अणी टोकाला लावली.

नीट बसली. केसाएवढी फट नाही.

त्यांनी अणी काढून परत एकदा लावून बघितली. अंपारो कॉफीचा कप घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. मला वाटलं, आता हात उचलतील. उचलावा असं वाटलं. बरं झालं असतं.

म्हणाले, अरे क्रिसो.

चौदा वर्षांनी. शिंग टेबलावर ठेवलं, शेजारी अणी ठेवली. हॅट घातली. अंपारोला म्हणाले, येतो कोमाद्रे, कॉफी राहू द्या, नोएमीला सांगा तिच्या पंधराव्याला मी आहेच. माझ्याकडे न बघता गेले.

अडीच महिने मी तो एकच शब्द घोटत होतो. टर्कीला म्हटला, आरशाला म्हटला. इतका लागतो हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी पाच. पलीकडे दगडावर शिंगाची टकटक चालू होती. कुंपणाशी जाऊन हाक मारली, अहो कॉम्पाद्रे. टकटक थांबली.

मग परत सुरू झाली.